वाचकांचे प्रश्न : वीज जाते तेव्हा मेमरी कार्डात काय बिघडते?

अचानक वीज गेल्यामुळे मेमरी कार्डावरचा डेटा खराब झाल्याच्या तक्रारी या सदराकडे वरचेवर येतात. त्यांतले निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच लांबले आहे, पण पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराचा आधार त्यातच असल्यामुळे ते आधी वाचावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : एकाच बोर्डवरच्या छोट्या संगणकावर मी तापमान आणि आर्द्रतेच्या नोंदी ठेवतो. संगणकाची सगळी प्रणाली आणि नोंदी एकाच मेमरी कार्डावर आहेत. वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली नोंद हरवली तर मला समजू शकते. परंतु कित्येक आठवडे कोणी हातही न लावलेल्या फायली उघडेनाशा झाल्या आणि पुढच्या खेपेला संगणक सुरूच झाला नाही. हे कसे घडले?

उत्तर : जे लिहिले जात होते तेवढेच बिघडावे, ही आपली अपेक्षा रास्त वाटते; पण ती कागदावर लिहिण्याच्या अनुभवातून आलेली आहे आणि मेमरी कार्ड त्या रीतीने लिहीत नाही. कार्डाच्या आत नँड फ्लॅश प्रकारची स्मृती असते. तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका आणि त्यांचे सहकारी यांनी ती १९८७ साली जगापुढे मांडली. तिच्या सूक्ष्म पेशींत विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो आणि तो किती आहे यावरून त्या पेशीतली माहिती ठरते. वीज नसतानाही हा भार टिकतो, म्हणून तर कार्ड खिशात घालून नेता येते. मात्र या स्मृतीचा एक मोठा आडमुठेपणा आहे. तिच्यावर लिहिणे एकेका पानाच्या मापाने होते आणि असे पान साधारणपणे ४ ते १६ किलोबाइटचे असते. पुसायचे मात्र एकेक पान नव्हे, तर शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक एकदमच पुसावा लागतो, आणि एकदा लिहिलेल्या पानावर तो ब्लॉक पुसल्याशिवाय पुन्हा लिहिता येत नाही.

त्यामुळे आपण एखाद्या फायलीतली एक ओळ बदलली, तरी कार्डातला कंट्रोलर (कार्डाचा कारभार पाहणारी चिप) ती ओळ जुन्या जागी बदलत नाही. तो नवी प्रत दुसऱ्या मोकळ्या पानावर लिहितो आणि अमुक क्रमांकाचा भाग आता अमुक ठिकाणी आहे, अशी नोंद आपल्या तक्त्यात करतो. मोकळे ब्लॉक कमी पडू लागले, की एखाद्या ब्लॉकमधली अजून उपयोगात असलेली पाने उचलून तो दुसरीकडे नेतो आणि जुना ब्लॉक पुसून मोकळा करतो. शिवाय ठरावीक पेशींवरच सारखे लिहिले जाऊन त्या लवकर झिजू नयेत म्हणून, वर्षभर न बदललेला डेटासुद्धा तो अधूनमधून जागचा हलवतो. ही सारी उठाठेव कार्डाच्या आतल्या आत चालते. संगणकाला तिची कल्पनाही नसते आणि संगणकाचे लिहिणे संपल्यावरही ती काही काळ चालू राहू शकते.

आता आपल्या जुन्या फायलींचे काय झाले असेल, याच्या तीन शक्यता दिसतात. पहिली म्हणजे वीज गेली तेव्हा नेमका त्याच फायलींचा डेटा हलवला जात होता. दुसरी म्हणजे डेटा जागेवर सुखरूप आहे, पण तो कोठे आहे हे सांगणारा तक्ता अर्धवट लिहिला गेला आणि कंट्रोलरला आता तो नीट जुळवता येत नाही. असे झाले की कोणत्याही भागाचा पत्ता चुकू शकतो, मग तो भाग कितीही जुना असो. तिसरी शक्यता सर्वांत कमी ठाऊक असलेली आहे. आजच्या बहुतेक कार्डांत एका पेशीत तीन बिट ठेवलेले असतात, म्हणजे विद्युतभाराच्या आठ पातळ्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखाव्या लागतात, आणि चार बिट ठेवणाऱ्या कार्डांत तर सोळा. अशा पेशींचा एकच समूह दोन, तीन किंवा चार पानांत वाटलेला असतो. पुष्कळ चिपमध्ये आधी एक पान लिहिले जाते आणि काही वेळाने त्याच पेशींतला भार पुढे ढकलून त्यांच्यावर दुसरे पान लिहिले जाते. या दुसऱ्या टप्प्याच्या मध्येच वीज गेली, तर दुसरे पान तर जातेच, पण पूर्वीच व्यवस्थित लिहून झालेले आणि तसे संगणकाला कळवलेलेही पहिले पान वाचता येण्याजोगे राहत नाही. चांगल्या कार्डांचे फर्मवेअर (कंट्रोलरमध्येच बसवलेला प्रोग्रॅम) अशा वेळेसाठी पहिल्या पानाची प्रत हाताशी ठेवते, पण प्रत्येक कार्डाकडून ती दक्षता गृहीत धरता येत नाही.

संगणक सुरू न होण्याचे कारण यांपैकीच एखादे असणार. प्रणालीच्या फायलींचा एखादा तुकडा हरवला, तरी संगणक सुरू होता होता मध्येच थांबतो. आणि कंट्रोलरला आपला तक्ताच उभा करता आला नाही, तर कार्ड ओळखलेच जात नाही किंवा त्याची क्षमता शून्य दिसते. यात आपल्या हातून काही चुकले असे नाही. सतत लिहीत राहणारे कार्ड आणि भरवशाची नसलेली वीज यांची गाठ पडली, की हे कधी ना कधी होणारच. ते टाळायचे मार्ग मुळात दोनच : लिहिणे कमी करणे आणि वीज गेल्यावर कार्डाला हातातले काम पुरे करण्यापुरता अवधी मिळवून देणे. बाकीचे सगळे उपाय या दोहोंच्या मागून येतात, आणि लोक मात्र बहुधा नवे, वेगवान कार्ड विकत घेण्यापासून सुरुवात करतात.

प्रश्न : लिनक्समधील ईएक्सटी४ ही फाईल प्रणाली (फायली कोठे आणि कशा ठेवायच्या याची व्यवस्था) जर्नल ठेवते, म्हणून वीज गेली तरी तिला काही होत नाही, असे मी वाचले आहे. मग कार्ड फॅट३२ ऐवजी ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट केले, की काळजी मिटली का?

उत्तर : काळजी कमी होते, मिटत नाही. जर्नल म्हणजे फाईल प्रणालीने स्वतःसाठी ठेवलेली कामाची वही. फायलींच्या नावांत, आकारांत किंवा जागावाटपात करायचे बदल आधी तिच्यात लिहिले जातात आणि मग प्रत्यक्षात केले जातात. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना ही वही वाचून अर्धवट कामे पुरी केली जातात किंवा सोडून दिली जातात, आणि फायलींचा सांगाडा सुसंगत राहतो. फॅट३२ मध्ये अशी सोय नाही. तिच्यात वाटपाचा तक्ता दोनदा ठेवलेला असतो खरा, पण दोन्ही प्रती एकापाठोपाठ बदलल्या जात असल्याने त्यांचा आधार तोकडाच आहे. मोठ्या क्षमतेच्या कार्डांवर असणाऱ्या एक्सफॅटमध्ये तर हा तक्ता सहसा एकच असतो.

परंतु ईएक्सटी४ नेहमीच्या मांडणीत सांगाडा जपते, आपण लिहिलेला प्रत्येक शब्द नव्हे. लिनक्स बदललेला डेटा काही काळ संगणकाच्या मुख्य स्मृतीतच (रॅममध्ये) ठेवते. नेहमीच्या मांडणीत जर्नलची नोंद ५ सेकंदांनी पक्की होते आणि साधा डेटा सुमारे ३० सेकंदांपर्यंत स्मृतीत रेंगाळू शकतो. प्रोग्रॅमने जतन झाल्याचे सांगितले, तरी त्या अवधीत वीज गेली तर तो डेटा कार्डापर्यंत पोहोचलेलाच नसतो. आपण स्वतः प्रोग्रॅम लिहीत असाल, तर महत्त्वाच्या फायलीवर थेट पुनर्लेखन करू नये. नवा मजकूर त्याच फोल्डरमधल्या तात्पुरत्या फायलीत लिहावा, एफसिंक करून तो कार्डावर उतरवून घ्यावा, मग त्या फायलीला मूळ नाव द्यावे आणि शेवटी फोल्डरवरही एफसिंक करावे. म्हणजे कोणत्याही क्षणी वीज गेली, तरी जुनी पूर्ण फाईल किंवा नवी पूर्ण फाईल यांपैकी एक हाती लागते. नोंदी पुष्कळ असतील, तर ही खबरदारी घेणारा एसक्यूलाइटसारखा डेटाबेस वापरावा. घरी बनवलेल्या पद्धतीपेक्षा तो कितीतरी अधिक तावूनसुलाखून निघालेला आहे.

आणि हे सारे केल्यावरही एक गृहीतक उरतेच. लिहून झाले असे कार्डाने कळवले, की ते खरोखरच लिहून झाले आहे आणि पूर्वी लिहिलेले आपोआप बिघडणार नाही, असे प्रत्येक जर्नल धरून चालते. वर सांगितलेल्या पानांच्या भानगडीत नेमके हेच गृहीतक मोडते.

प्रश्न : माझा छोटा संगणक फक्त एक माहितीफलक दाखवतो. त्याला काही लिहायची गरजच नाही. कार्डाच्या कडेची खटकी सरकवून ते कुलूपबंद केले तर पुरेल का? नाहीतर प्रणालीसाठी एक आणि नोंदींसाठी एक असे कार्डाचे दोन भाग करावेत का?

उत्तर : खटकीवर विसंबू नये. मोठ्या आकाराच्या एसडी कार्डावरची ती खटकी कार्डाच्या आतल्या कशालाही जोडलेली नसते. ती कोठे आहे हे खाचेतला एक स्पर्शक पाहतो आणि मान द्यायचा की नाही, हे ते उपकरण ठरवते. स्वतः कार्डाला त्याची खबरच नसते. मायक्रोएसडीवर तर खटकीही नाही.

आपला मूळ विचार मात्र अगदी योग्य आहे. फलक दाखवणाऱ्या संगणकासाठी यापेक्षा चांगला आणि बिनखर्ची उपाय नाही. रास्पबेरी पाय या एकाच बोर्डवरच्या संगणकाच्या मांडणीच्या साधनात ओव्हरले फाईल सिस्टीम नावाचा पर्याय आहे. तो चालू केला, की कार्ड केवळ वाचण्यापुरते वापरले जाते आणि सर्व बदल मुख्य स्मृतीत होऊन संगणक बंद होताच नाहीसे होतात. वीज केव्हाही गेली, तरी पुढच्या खेपेला संगणक होता तसाच सुरू होतो. प्रणालीत सुधारणा करायची असेल, तेव्हा हा पर्याय तात्पुरता बंद करावा आणि काम झाल्यावर आठवणीने पुन्हा चालू करावा.

ज्यांना थोडेफार लिहावेच लागते, त्यांनीही अनावश्यक लिहिणे थांबवावे. सिस्टीमडी (प्रणालीच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) असलेल्या लिनक्समध्ये जर्नलडी या रोजनिशी लिहिणाऱ्या भागाच्या मांडणीत साठवण 'व्होलाटाइल' केली, की प्रणालीच्या रोजनिशीच्या नोंदी कार्डाऐवजी स्मृतीत राहतात. फाईल नुसती वाचली तरी तिच्या वाचनवेळेची नोंद कार्डावर होऊ शकते. ती 'नोएटाइम' या पर्यायाने बंद होते. मुख्य स्मृती अपुरी पडल्यास वापरली जाणारी कार्डावरची स्वॅप फाईलही काढून टाकावी. एरवी कोणाच्या लक्षात न येणारे हे लिहिणे दिवसरात्र चालू असते आणि बहुतेकदा आपल्या कामाच्या नोंदींपेक्षा तेच अधिक भरते.

कार्डाचे दोन भाग करण्याचा सल्ला अनेकजण देतात, पण त्याचा उपयोग समजतो तेवढा नाही. फाईल प्रणालीचा गोंधळ एका भागातून दुसऱ्या भागात जात नाही, इतका फायदा जरूर होतो. पण हे भाग केवळ संगणकाच्या लेखी वेगळे असतात. कार्डाच्या आत दोन्ही भागांची पाने त्याच ब्लॉकांच्या साठ्यातून आलेली असतात आणि एकाच तक्त्यात नोंदलेली असतात. नोंदींच्या भागावर लिहिताना वीज गेली, तरी प्रणालीच्या भागातले पान बिघडू शकते. नोंदी खरोखर वेगळ्या ठेवायच्या असतील, तर त्या दुसऱ्या कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर लिहाव्यात. त्याहून चांगले म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवाव्यात.

प्रश्न : मी मायक्रोकंट्रोलर (एका चिपमध्ये मावणारा छोटा संगणक) वापरून डेटा लॉगर (नोंदी टिपत राहणारे उपकरण) बनवला आहे. वीज गेल्यावर दिवसभराची फाईल शून्य बाइटची दिसते. पुरवठ्यावर एक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावूनही काही फरक पडला नाही. किती मोठा कपॅसिटर लावावा?

उत्तर : येथे दोन निराळे प्रश्न एकत्र आले आहेत. फाईल शून्य बाइटची दिसते, कारण फॅट प्रणालीत फायलीचा आकार फोल्डरमधल्या तिच्या नोंदीत लिहिलेला असतो आणि ती नोंद फाईल बंद केल्यावर किंवा फ्लश केल्यावर, म्हणजे साठलेले लगेच कार्डावर उतरवल्यावरच बदलते. आपण फाईल सकाळी उघडून दिवसभर तशीच उघडी ठेवत असाल, तर डेटा कार्डावर असूनही त्याचा आकार कोठेच नोंदलेला नसतो. प्रत्येक नोंदीनंतर फ्लश केले तर हे टळते, पण मग वाटपाचा तक्ता आणि फोल्डरची नोंद पुन्हा पुन्हा लिहिली जाऊन धोक्याचे क्षण वाढतात. याहून बरा मार्ग असा, की सुरुवातीलाच ठरावीक आकाराची सलग जागा असलेली फाईल करून ठेवावी आणि तिच्यात ५१२ बाइटच्या पूर्ण सेक्टरच्या मापाने पुढे पुढे लिहीत जावे. जागा आणि आकार दोन्ही आधीच नोंदलेले असल्याने तक्त्याला हात लावावा लागत नाही. प्रत्येक सेक्टरमध्ये चढता क्रमांक आणि सीआरसी (डेटा बिघडला आहे का हे ओळखण्याचा पडताळ्याचा आकडा) ठेवावी, म्हणजे वीज आल्यावर शेवटची धड नोंद कोणती हे प्रोग्रॅमला स्वतःच शोधता येते.

आता कपॅसिटर. आपला लॉगर आणि कार्ड मिळून लिहिताना १५० मिलीअँपिअर घेतात, व्होल्टेज उतरू लागल्यापासून साध्या रेग्युलेटरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाला) ३.३ व्होल्ट देता येईनासे होईपर्यंत १ व्होल्टची उतरण हाताशी आहे, असे धरू. कपॅसिटर किती वेळ तग धरेल, हे त्याची धारिता गुणिले व्होल्टेजची उतरण, भागिले प्रवाह, या हिशेबाने निघते. १००० मायक्रोफॅरडसाठी उत्तर येते ७ मिलिसेकंदांहूनही कमी. आणि एसडीएचसी (मध्यम क्षमतेच्या) कार्डाला लिहिण्याच्या एका आज्ञेनंतर २५० मिलिसेकंदांपर्यंत, तर एसडीएक्ससी (मोठ्या क्षमतेच्या) कार्डाला ५०० मिलिसेकंदांपर्यंत व्यग्र राहण्याची मुभा एसडीच्या मानकानेच दिलेली आहे. एवढ्या तफावतीत आपला कपॅसिटर निरुपयोगी ठरला, यात नवल नाही. २ सेकंदांचा अवधी हवा असेल, तर त्याच हिशेबाने ०.३ फॅरड लागतात, म्हणजे सुपरकपॅसिटरच घ्यावा लागेल. त्याचा एक घट बहुधा २.७ व्होल्टपर्यंतचा असतो, म्हणून ५ व्होल्टसाठी दोन घट एकापुढे एक जोडावे लागतात आणि जोडल्यावर धारिता निम्मी होते. सुपरकपॅसिटरची धारिता कालांतराने घटते, हे धरून १ फॅरडचे दोन घट घ्यावेत आणि दोन्ही घटांवरचे व्होल्टेज समान राहील अशी व्यवस्था करावी. नाण्याच्या आकाराचे, केवळ घड्याळ चालू ठेवण्यासाठी बनवलेले सुपरकपॅसिटर येथे चालत नाहीत. त्यांचा अंतर्गत रोध इतका मोठा असतो, की १५० मिलीअँपिअर मागताच त्यांचे व्होल्टेज कोसळते. भरताना होणारा सुरुवातीचा मोठा प्रवाह रोखायची सोयही विसरू नये.

कपॅसिटर लावला, तरी वीज गेल्याचे मायक्रोकंट्रोलरला कळले नाही, तर तो मिळालेल्या दोन सेकंदांत आणखी नोंदीच लिहीत बसेल. म्हणून मूळ पुरवठा आणि सुपरकपॅसिटर यांच्यामध्ये डायोड घालावा, डायोडच्या मूळ पुरवठ्याकडील बाजूचे व्होल्टेज एका इंटरप्ट पिनवर (चालू काम थांबवून मायक्रोकंट्रोलरचे लक्ष वेधणाऱ्या पिनवर) पाहावे, आणि ते पडताच चालू सेक्टर पूर्ण करून, कार्ड व्यग्र नाही याची खात्री करून पुढचे लिहिणे थांबवावे. मायक्रोकंट्रोलरचा ब्राउनआउट रीसेटही (व्होल्टेज फार उतरल्यास त्याला थांबवून ठेवणारी सोय) चालू ठेवावा. वीज एका झटक्यात जाण्यापेक्षा व्होल्टेज हळूहळू घसरणे कधीकधी अधिक घातक असते, कारण कमी व्होल्टेजवर चाचपडणारा मायक्रोकंट्रोलर कार्डाला भलत्याच आज्ञा देऊ शकतो. एसडी कार्डासाठी २.७ ते ३.६ व्होल्ट ही मर्यादा आहे आणि त्याखालच्या व्होल्टेजवर त्याने काय करावे, याची कोणतीही हमी नाही.

प्रश्न : 'ए२' असे लिहिलेले कार्ड अशा वेळी अधिक सुरक्षित असते का? आणि औद्योगिक वापराच्या कार्डांचे काय?

उत्तर : 'ए१', 'ए२' ही चिन्हे वेगाची आहेत. पहिल्यात सेकंदाला किमान १५०० वाचने आणि ५०० लेखने, तर दुसऱ्यात ४००० वाचने आणि २००० लेखने अपेक्षित असतात. वीज गेल्यावर काय होईल, याबद्दल ही चिन्हे काहीच सांगत नाहीत. उलट 'ए२' चा वेग गाठण्यासाठी कार्डात तात्पुरत्या साठवणीची सोय असते आणि तिच्यातला डेटा पक्का करून घ्यायची आज्ञा उपकरणाने द्यायची असते. म्हणजे वीज जाताना अधांतरी असलेला डेटा येथे जास्तच असू शकतो. औद्योगिक कार्डांपैकी काही वीज जाण्याच्या प्रसंगासाठी खरोखरच तयार केलेली असतात, आणि काहींत तर पेशीत एकच बिट ठेवून पानांची भानगडच टाळलेली असते. परंतु कार्डाच्या माहितीपत्रकात तसे स्पष्ट लिहिलेले आहे का, ते पाहावे. केवळ 'औद्योगिक' या शब्दावर जाऊ नये. मायक्रोएसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असते. एवढ्याशा जागेत पुरेसा कपॅसिटर बसत नाही, त्यामुळे त्याच्यातले संरक्षण मुख्यतः फर्मवेअरचे असते आणि ते आधी लिहिलेला डेटा वाचवू शकते, चालू असलेले लिखाण पुरे करू शकत नाही.

प्रश्न : गाडीतल्या कॅमेऱ्याचा पुरवठा तुटला आणि शेवटची चित्रफीत चालत नाही. फायलीचा आकार मात्र मोठा दिसतो. ती परत मिळवता येईल का?

उत्तर : बहुधा येईल. एमपी४ फायलीत चित्र आणि ध्वनी यांचा मुख्य डेटा आधी लिहिला जातो, आणि त्यातली कोणती चौकट कोठे आहे हे सांगणारी 'मूव्ह' नावाची अनुक्रमणिका चित्रण थांबवल्यावर, बहुतेक वेळा फायलीच्या शेवटी लिहिली जाते. वीज आधीच गेल्यामुळे ती लिहायची राहून गेली आणि प्लेअरला फाईल अगम्य झाली. त्याच कॅमेऱ्याने त्याच मांडणीत काढलेली एक चांगली चित्रफीत नमुना म्हणून दिली, की तिच्या आधारे अनुक्रमणिका नव्याने बांधणारी साधने आहेत; 'अनट्रंक' हे त्यांतले विनामूल्य साधन. नवा कॅमेरा घेताना तो एका मिनिटाचे किंवा तसेच छोटे तुकडे करतो का आणि त्यात आतली बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर आहे का, हे पाहावे. बंद गाडीत बराच ताप सोसावा लागतो, म्हणून या ठिकाणी बॅटरीपेक्षा सुपरकपॅसिटर उजवा.

प्रश्न : वीज आल्यावर कार्ड संगणकाला जोडले, तर ते फॉरमॅट करायचे का, असे संगणक विचारतो. कार्डावर कौटुंबिक छायाचित्रे आहेत. दुरुस्तीचा आदेश द्यावा का?

उत्तर : दोन्ही गोष्टी करू नयेत. फॉरमॅटला नकार द्यावा आणि दुरुस्तीचा आदेशही इतक्यात देऊ नये. विंडोजमधील चेकडिस्क किंवा लिनक्समधील एफएसचेक या आज्ञांचा उद्देश फाईल प्रणाली सुसंगत करणे हा आहे. आपली छायाचित्रे वाचवणे हा नव्हे. न जुळणारे दुवे त्या तोडून टाकतात आणि तुटलेले तुकडे निनावी फायलींच्या रूपाने बाजूला ठेवतात, कधी टाकूनही देतात. ही दुरुस्ती मूळ कार्डावरच होत असल्याने मागे फिरता येत नाही.

सर्वांत आधी कार्डाची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंतची हुबेहूब नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. त्यासाठी 'डीडीरेस्क्यू' चांगले. वाचता न येणारे भाग ते आधी वगळते, सोपा भाग पदरात पाडून घेते आणि मग अवघड भागांकडे वळते. पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतिमेच्या नकलेवर करावेत. फायलींची नावे आणि फोल्डर परत हवे असतील, तर 'टेस्टडिस्क' वापरून पाहावे. सांगाडा पार मोडला असेल, तर 'फोटोरेक' छायाचित्रांच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून ती एकेक वेचून काढते, मात्र तेव्हा मूळ नावे मिळत नाहीत. कार्ड ओळखलेच जात नसेल किंवा क्षमता शून्य दिसत असेल, तर बिघाड कंट्रोलरच्या पातळीवरचा आहे आणि घरी बसून कोणतेही सॉफ्टवेअर चालवण्यात अर्थ नाही. अशा वेळी चिपमधून थेट डेटा वाचणाऱ्या प्रयोगशाळेकडे जावे आणि तोपर्यंत कार्ड पुन्हा पुन्हा जोडून पाहू नये.

डेटा मिळाल्यानंतर त्या कार्डाचा पुन्हा उपयोग करायचा असेल, तर ते पूर्ण भरून, वाचून, ताडून पाहावे. विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' आणि लिनक्सवर 'एफ३' हे काम करतात, आणि छापलेल्या क्षमतेपेक्षा प्रत्यक्षात लहान असलेली बनावट कार्डेही त्यांत उघडी पडतात. काही झिजलेली कार्डे लिहिणे मुकाट्याने नाकारतात. फायली पुसल्यासारख्या दिसतात आणि कार्ड काढून पुन्हा घातले की त्या परत हजर असतात. असे कार्ड पुन्हा वापरात घेऊ नये.

प्रश्न : घरी यूपीएस आहे. मग या सगळ्याची गरज आहे का?

उत्तर : यूपीएस उत्तम आहे, पण त्याची बॅटरी संपली, की वीज पुन्हा अचानकच जाते, फक्त थोडी उशिरा. यूपीएसमधून यूएसबीची तार संगणकाला जोडून, बॅटरी ठरावीक पातळीखाली उतरताच संगणक स्वतःहून व्यवस्थित बंद होईल, अशी मांडणी केली तरच संरक्षण पुरे होते. रास्पबेरी पायसारख्या संगणकाचा अडॅप्टर आणि त्याची तारही तपासावी. तार बारीक किंवा लांब असेल, तर यूपीएस चालू असूनही बोर्डापाशी ५ व्होल्ट पोहोचत नाहीत, ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यास हा संगणक तशी सूचना देतो आणि ती सूचना वारंवार दिसत असेल, तर कार्ड बदलण्याआधी तार बदलावी. वीज परत येताना ती अनेकदा येते, जाते आणि पुन्हा येते. संगणक अर्धवट सुरू झालेला असतानाच पुन्हा बंद पडू नये म्हणून, पुरवठा काही मिनिटे स्थिर राहिल्यावरच संगणकाला वीज देणारा विलंबी रिले मध्ये बसवता येतो.